एक सोडला

हल्ली ज्याच्या त्याच्या खिशात सर्रकन परतणारा टेप असतो. तेव्हा सुताराच्या कानावर पेन्सिल असायची आणि खिशात घडीची लाकडी पट्टी. पितळी सांध्यांची, उघडताना टकटक वाजणारी. एका दुकानात काम करणाऱ्या दोघा सुतार भावांत थोरल्याची पट्टी वडलांची. तिचं टोक तुटून पहिला इंच केव्हाच गेला होता, पण नवी घ्यायचं नाव नाही. माप वाचायचं, मनात एक वजा करायचा आणि आकडा सांगून वर म्हणायचं, "एक सोडला!" जेवताना धाकट्या दिराने पोळीला नको म्हटलं, की थोरल्याची बायको हसून विचारायची, "एक सोडला की धरला, भावजी?"

मग ती थट्टा थांबली. दिराच्या वागण्यात तिला काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं. थोरला कुठे माप घेऊन आला, की हा दुपारी निमित्त काढून तिथेच जायचा. खिशात रुमालात गुंडाळलेला नवा टेप. गिऱ्हाइकांशी दारात कुजबुज, आणि वहिनी दिसली की तोंडाला कुलूप.

गिऱ्हाइकं फोडतोय मेला, तिने ताडलं. उद्या हा वेगळा झाला, तर साठी उलटलेल्या नवऱ्याने कुणाच्या दारात रंधा मारायचा? नवऱ्याला म्हणाली, "त्याच्यावर नजर ठेवा." तो उखडला. "दोरीला साप समजतेस तू!"

शेवटी ती स्वतःच दिराच्या मागोमाग निघाली. तो शिरला शिंपिणीच्या घरात. सकाळी नवऱ्याने कोनाड्याचं माप घेतलं होतं, तेच हा गुडघ्यावर बसून पुन्हा घेत होता.

"वा, भावजी! भावाचं गिऱ्हाईक आणि तुमचा टेप! पाटी कधी लावताय?"

तो दचकला. शिंपीण समजून आत निघून गेली.

"हळू, वहिनी. दादाने सकाळी किती सांगितलं?"

"सदतीस."

"हे बघा. छत्तीस. रोज चुकला असता, तर दुकानात बसूनच मी एक कमी धरला असता. पण तो कधी सोडतो, कधी विसरतो, कधी न सोडताच ‘एक सोडला’ म्हणतो. म्हणून घरोघर फिरतोय."

सकाळी आकडा तिने ऐकला होता. पुढचे दोन शब्द मात्र नव्हते. दिरावर पाळत ठेवता ठेवता नवऱ्याकडे कान द्यायचेच राहिले होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्या पोटात राहील, पण तोंडावर दिसेल. आणि त्याला कळलं, तर तो पट्टी खाली ठेवेल. मग उठून करेल काय?"

दोघं परतली तेव्हा थोरला दुकानाच्या दारात पट्टी उघडत-मिटत उभा होता.

"कुठे होतात?"

"मी शिंपिणीकडे बटणं आणायला गेले होते. वाटेत भावजी भेटले."

त्याने तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग भावाला म्हणाला, "सदतीसची फळी काप."

धाकट्याने फळी ओढली, छत्तीसवर खूण केली. थोरला बघायला वाकला, तशी ती आतून आणलेला चहा घेऊन मधे येऊन उभी राहिली. "अहो, आधी चहा घ्या."

त्याने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. तिच्या पाठीमागे करवत चालू झाली.

"परवा त्याच्यावर नजर ठेवा म्हणत होतीस," तो म्हणाला. "आज त्याच्या आड उभी राहतेस?"