पाचवा थर

"साहेब, पाणी सांडलंत," साइट इंजिनियर म्हणाला.

"सांडलं नाही, ओतलं," बादलीसाहेब म्हणाले. "आता गप्प उभे राहा आणि कुठं जातंय ते बघा."

नव्या सोसायटीच्या अंगणात, कोऱ्या करकरीत पेव्हर ब्लॉकांवर, बादलीभर पाणी पसरलं. परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं क्षणभर घुटमळलं आणि निमूट फाटकाकडे निघालं.

साठवण तळं मागच्या बाजूला होतं.

बादलीसाहेब पालिकेचे निरीक्षक. नियम साधा होता. माळ रिकामा असताना पावसाचं जेवढं पाणी खालच्या वस्तीकडे वाहायचं, त्याहून जास्त इमारती झाल्यावर वाहता कामा नये. जास्तीचं पाणी बिल्डरनं आपल्याच आवारात तळं खणून अडवायचं आणि सावकाश सोडायचं. त्यावर निरीक्षकाची सही झाल्याशिवाय कुणाच्या हाती चावी पडत नसे. बाकीचे निरीक्षक नकाशा बघत, तळ्याला टेप लावत आणि सही ठोकत. हे एकटे लाल बादली घेऊन फिरत. त्यांच्याबद्दल नाही नाही त्या गोष्टी पसरल्या होत्या. एका बादलीत त्यांनी तीन मजले पाडले म्हणे. साफ खोटं. दोनच पाडले, आणि त्यातला एक तसाही पडायलाच आला होता. एका बिल्डरच्या स्वप्नात ती बादली यायची आणि तो सकाळी ओलाचिंब उठायचा. हे मात्र खुद्द त्याच्या बायकोनं सांगितलेलं.

"तळं बघा ना साहेब," इंजिनियर अजिजीनं म्हणाला. "नकाशात आहे तेवढंच आहे. इंचभर कमी निघालं तर मला त्यात बुडवा."

"बुडवायला त्यात पाणी नको? तळ्याचं तोंड अंगणापेक्षा चार बोटं वर आहे. पाणी काय शिडी लावून चढणार?"

"अहो, फाटकाकडे उतार मुद्दाम दिलाय. लोक चाव्या घ्यायला येणार, अंगणात डबकी बरी दिसतात का?"

"म्हणून डबकी खाली पाठवलीत."

इंजिनियरनं आवाज खाली आणला. "ताईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा ना? पुढच्या आठवड्यात चाव्या द्यायच्या म्हणतोय."

बादलीसाहेब बादली उचलून नळाकडे वळले. इथं आपल्या लेकीचं घर आहे, तपासणीला दुसरा कुणी पाठवा, असं त्यांनी लेखी दिलं होतं. "दुसरा आणू कुठून?" म्हणून मोठ्या साहेबांनी कागद परत केला होता. लेक सातव्या महिन्यात. भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं. आणि त्याच महिनाअखेर हे निवृत्त व्हायचे.

त्यांनी नळावर पुन्हा बादली भरली. दुसऱ्या कोपऱ्यात ओतली, मग तिसऱ्या. तिसऱ्या खेपेला, अख्ख्या नोकरीत पहिल्यांदाच, ओतताना त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पाणी फाटकाबाहेर पडून रस्ता उतरत होतं.

ते त्याच्यामागून चालत गेले. पायथ्याशी शिंपीणबाईंचं दुकान होतं. शिलाई मशीनच्या प्रत्येक पायाखाली चार-चार विटा. वर इमारत झाली की बाई एक थर वाढवत. मशीन चढलं म्हणून खुर्चीही चढलेली.

"काय हो बादलीवाले, पाणी पोचतं करायला जातीनं आलात?" बाई वरूनच म्हणाल्या. "अजून दोन इमारती होऊ द्या. मग बसल्या बसल्याच पंखा पुसीन."

दाराशी चार नव्या विटा रचून ठेवल्या होत्या.

"या कशाला?"

"तुमच्या त्या नवीनसाठी. पाचवा थर. लावू का?"

"थांबा जरा," बादलीसाहेब म्हणाले.

संध्याकाळी लेक आली ती उभ्यानंच बोलली.

"बाबा, गावभर सह्या केल्यात. माझीच तेवढी राहिली?"

"सतरा जणांना नाही म्हटलंय आजवर."

"मग मी अठरावी?"

"पाणी खाली जातंय, बाळा."

"आणि माझ्या बाळानं कुठं जायचं?"

"इथं ये. आतल्या खोलीत राहा."

"तिथं तुमच्या फायली राहतात!"

"त्या मी उद्याच काढते," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "तीस वर्षं निमित्त शोधत होते."

लेक-जावई राहायला आले. लेक बापाशी थेट बोलेना. समोरासमोर बसून म्हणायची, "आई, त्यांना सांग, त्यांचा फोन वाजतोय."

बादलीसाहेबांनी फाइलवर लिहिलं: 'उतार फिरवून घ्यावा. फेरतपासणी बादलीने करावी.' मोठ्या साहेबांनी दुसऱ्या वाक्यावर रेघ मारली. "असं कलम नाही हो कुठं. पुढच्या महिन्यापासून सगळं फोटोवर." निवृत्तीच्या दिवशी हार झाला, भाषणं झाली. निघताना भांडारवाला ओशाळून म्हणाला, "साहेब, ती बादली... कार्यालयाची आहे." त्यांनी ती आतून पुसून त्याच्या हाती दिली.

दीड महिन्यानं ब्लॉक उखडून पुन्हा बसवले गेले. फोटो गेले, मंजुरी आली. चाव्यांच्या दिवशी बादलीसाहेब फाटकाबाहेर उभे राहिले. आत यायचं त्यांना आता काही कारण नव्हतं. इंजिनियरनं हसत चावी पुढं केली. लेकीनं ती घेतली नाही. जावयाच्या हातात न्हाणीघरासाठी घेतलेली निळी बादली होती, किमतीचं लेबलही न काढलेली. ती तिनं नळाखाली भरायला लावली.

"आधी बादली, मग चावी."

"ताई, फोटो मंजूर झालेत."

"फोटो ओला होतो का?"

नववा महिना, तिला वाकवेना. बादलीसाहेब सवयीनं फाटकाच्या आत आले.

"राहू द्या," ती त्यांच्याकडे बघून म्हणाली. "निवृत्त झालात ना तुम्ही?"

आणि तिनं पायानंच बादली कलंडवली. पाणी पसरलं. घुटमळलं. मग वळलं आणि इमारतीच्या मागं, तळ्याकडे निघून गेलं.

लेकीनं चावी घेतली. बादलीसाहेबांना हातांचं काय करावं ते सुचेना. हात मागं बांधून ते उतार उतरत शिंपीणबाईंच्या दुकानाशी आले. मशीन चार विटांवरच होतं. पाचव्या थरातली एक वीट दाराला अडण म्हणून लावलेली, एक कापडाच्या गठ्ठ्यावर वजनाला. उरलेल्या दोनांवर बाईंनी फळी टाकली होती.

"आज हात रिकामे?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग बसा की."

बादलीसाहेब फळीवर बसले. फारच खाली होती ती; गुडघे हनुवटीशी आले. पण कोरडी होती.