इंद्रायणीच्या महालक्ष्म्या

इंद्रायणीच्या वडिलांनी हैदराबादला एका नवाबाच्या देवडीत, म्हणजे हवेलीत, चाकरी केली. देवडी मोडली तेव्हा मालकाने त्यांना मेणबत्त्या लावायची दोन शमादानं दिली. काशाची, वर सोन्याचा मुलामा. दोन्हींवर हातभर उंचीची एकेक बाई उभी. पाठीला पंख, वर केलेल्या हातात पाच फांद्या, फांदीच्या टोकाला वाटी. आमच्या लग्नात ती इंद्रायणीबरोबर तीर्थपुरीला घरी आली. माझी आई जोडी बघून म्हणाली, "ह्या तर ज्येष्ठा-कनिष्ठा." तेव्हापासून भादव्यात त्यांनाच साड्या नेसवून महालक्ष्म्या म्हणून बसवायचो.

वाट्यांत मेणबत्ती कधी लागली नाही. इंद्रायणी त्यांत लाडू ठेवायची. म्हणायची, "हात वर करून उभी हाय, रिकामी कशी ठेवावी?"

गेल्याच्या आदल्या दिवाळीत इंद्रायणी वारली. गेल्या वर्षी घरात सण नव्हता. यंदा श्रावणात मुलगा ओमप्रकाश जालन्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, आता करणार कोण? देऊन टाकू." आणि त्याने जुन्या वस्तू घेणारा राधेश्याम पाठवला.

राधेश्यामने दोघींना ओट्यावर उन्हात ठेवलं. "काका, ह्या देवी न्हाईत. साहेब लोकांच्या दिवाणखान्यातल्या बाया हायेत. हळद-कुंकू लावू लावू तोंडाचा मुलामा घालवला बिलकुल."

"सवाष्णीला कुंकवाबिगर कसं ठेवायचं?"

"यांची लग्नं कोणी लावली?"

तो हसला. मीही हसलो.

मग त्याने खिशातून खिळा काढला आणि एका वाटीत कोरायला लागला. तळाशी काळं, घट्ट काही होतं. बेसन. तुपासकट वाळून दगड झालेलं.

"राहू दे ते," मी म्हणालो.

"साफ करून बघावं लागंल ना."

"राहू दे. द्यायच्या न्हाईत मला."

"ओमभाऊनी तर सांगितल्तं देणार म्हणून. मंग साडी कोण नेसवणार? तुम्ही?"

मी दोघींना उचलून आत नेलं.

भादव्यात मीच बसलो नेसवायला. निऱ्या जमेनात, पदर पंखावरून घसरायचा. संध्याकाळी ओमप्रकाश आणि सून अंजू आले. अंजूने वाकून बघितलं.

"मामा, कनिष्ठेची साडी उलटी नेसवली तुम्ही."

"सोड अन् बराबर नेसव."

"राहू द्या आता. लाडू कुठंयत?"

लाडू मी बाजारातून आणले होते. वाटीत मावत नव्हते. अंजूने परातीत ते सगळे फोडले आणि लहान लहान वळायला बसली.