बटणावर सुरू होणारी गाडी

नगरच्या लष्करातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला आणि जाता जाता आपली रेसची गाडी खुटबावच्या मारुतरावांच्या गळ्यात मारून गेला. दोनच माणसांची, वर टप नाही, रंग भरताच्या वांग्याचा, आणि बसकी इतकी की बांधावरची कोंबडीसुद्धा ड्रायव्हरकडे मान वाकवून बघायची. पळायला मात्र वारा. एकदा शिरूरच्या रस्त्याला तिनं स्वतःच्याच धुरळ्याला मागं टाकलं आणि तो धुरळा दुसऱ्या दिवशी दुपारी दमून-भागून गावात पोचला, हे शपथेवर सांगणारी माणसं होती.

खोड एकच, सुरू व्हायची नाही. ठिणगी पाडणारा तिचा मॅग्नेटो म्हातारा झालेला. गरगर फिरवल्याशिवाय तो काही पाडायचा नाही. मग रोज सकाळी गडी गोळा करून गाडी ढकलायची, दम खायचा, पुन्हा ढकलायची. मधेच मारुतराव ओट्यावर येऊन टेकायचे, चहा मागायचे, गाडीचा उद्धार करायचे, आणि तुळजाबाई समोर शेंगा फोडत बसायच्या. लेकी सासरी गेल्यापासून नवराबायकोचं काय बोलणं व्हायचं ते तेवढंच. बाकीचा दिवस मारुतराव गावाचे.

अठ्ठावन्न सालच्या दिवाळीनंतर दौंडहून मेहमूद आला. स्टेशनच्या मागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं.

"आप्पा, मॅग्नेटोला आता पेन्शन द्या. बॅटरीवरची कॉइल बसवतो, ट्रकला असती तसली. बटण दाबलं की गाडी बोलंल."

तुळजाबाई चहा घेऊन अंगणात गेल्या, तेव्हा त्यानं ठिणगी वाटून देणाऱ्या नव्या डिस्ट्रिब्युटरच्या दोन स्प्रिंगच्या कमानी उचकटून वरची काळी टोपी काढून दाखवली. "ह्ये बघा अक्का, ह्ये पॉइंट. चिमणीच्या चोचीएवढे. मिटत्यात, उघडत्यात. उघडले की कॉइल ठिणगी फेकती. फट पोस्टकार्डाच्या जाडीची. हितं जरा घाण बसली की येवढी गाडी म्हंजी निसती बाज!"

"आन् ह्ये मला कशाला सांगताय?"

"भणीला न्हाई तर कुणाला सांगू? आप्पा ऐकून घेत्यात व्हय?"

मारुतरावांनी बटण दाबलं. गाडी अशी काही बोलली की शेजारची म्हैस दावं तोडून थेट केडगावच्या रेल्वेफाटकात जाऊन उभी राहिली आणि तिच्यापायी मालगाडी खोळंबली. सगळं गाव टाळ्या पिटत होतं. तुळजाबाईंनीही पिटल्या.

दुसऱ्या दिवसापासून मारुतराव पहिली भाकरी तव्यावर असतानाच गायब. आज दौंड, उद्या शिरूर, परवा रांजणगावचा गणपती. सुपातल्या शेंगा सुपातच. आठ-पंधरा दिवस तुळजाबाईंनी कळ काढली. मग एका पहाटे तूप कढवताना तुपाचा हात तसाच घेऊन त्या अंगणात गेल्या. कमानी उचकटल्या, टोपी काढली आणि चिमणीच्या चोचीत साजूक तुपाचं बोट फिरवलं.

गाडी सुरू झाली नाही. मारुतराव ओट्यावर आले. चहा झाला, शेंगा झाल्या, धाकट्या लेकीची आठवण निघाली, मारुतराव चक्क हसले. तुळजाबाईंना तो दिवस सणासारखा गेला.

आणि संध्याकाळच्या आगगाडीनं मेहमूद आला. पॉइंट पुसले, काचकागद फिरवला, गाडी सुरू. दोन दिवसांनी पुन्हा तुपाचं बोट, पुन्हा बंद, पुन्हा मेहमूद. त्यानं स्वतःहून कॉइल बदलली, वायरी बदलल्या. दौंडच्या बाजारात पोरं त्याला बघून ओरडायला लागली, "मेहमूदचा करंट, आज हाय उद्या न्हाई!" पूर्वी त्याला शेजारी बसवून घेणारे मारुतराव आता उभ्याउभ्याच बोलायचे. तुळजाबाई त्याला जेवायला बसवायच्या, वाढताना वर बघायच्या नाहीत.

एकदा जेवता जेवता तो थांबला. "अक्का, माझ्याच हातात खोट आली बघा. आता दुसऱ्याच्या गाडीला हात लावायची भीती वाटती."

तुळजाबाईंनी त्या दिवशी स्वतःचं ताट वाढूनच घेतलं नाही. बोलावं म्हणून चुलीपासून उठायच्या आणि उंबऱ्यावरून माघारी यायच्या. काय सांगणार? नवरा घरात बसावा म्हणून परक्याची भाकरी हिसकावली?

तेवढ्यात मेहमूदला शिरूरच्या हौसरावांचा निरोप आला. हौसरावांचे ट्रक होते, आणि ट्रकांची सगळी दुरुस्ती ते मेहमूदला द्यायला तयार होते. मात्र आधी ही गाडी डोळ्यांनी बघणार. सुरू झाली तर काम तुझं, नाहीतर राम राम.

हौसराव यायचे त्या दिवशी तुळजाबाई अंधारातच उठल्या. आज बोट लावायचं नाही, हे तर ठरलेलंच. पण जुनं तूप राहिलं असेल तर? पुसून टाकावं. पुसायला गेल्या तर पॉइंट काळवंडलेले दिसले. धातू काळा पडला की बाई माणूस काय करतं? त्यांनी चिंच आणली, राख आणली आणि देवाच्या समईसारखे ते पॉइंट लख्ख घासले. वरून देवाला हात जोडले.

हौसराव आले, मेहमूद आला, गाव जमलं, मारुतरावांनी बटण दाबलं. गाडी नुसती घुरघुरली, पेटली नाही. पुन्हा दाबलं. मागून कोणीतरी म्हणालं, "आज न्हाई वाटतं!" आणि हशा झाला.

मेहमूदनं डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि वाकला तो वाकलेलाच राहिला. चोचीत राख होती, चिंचेचा धागा होता. असं घासणारं त्या घरात कोण, हे त्याला विचारावं लागलं नाही. त्यानं दाराकडं बघितलं. तुळजाबाई चौकटीला धरून उभ्या होत्या.

"चूक माझीच हाय, आप्पा," तो टोपी परत बसवत म्हणाला. "मला जमलं न्हाई."

"मग येतो आम्ही," हौसरावांनी उपरणं झटकलं.

"थांबा!" तुळजाबाई पायरी उतरल्या. "त्येची चूक न्हाई. गाडी मी बंद पाडती. दर खेपेला मीच पाडत हुते."

पहिल्यापेक्षा मोठा हशा झाला. मारुतरावही हसले. "गरिबाची दया आली तिला. अगं, तुला त्यातलं काय कळतंय? जा, चहा टाक."

तुळजाबाईंनी पदर खोचला. कमानी उचकटल्या, टोपी काढली. मेहमूदच्या पिशवीतून पेट्रोलचा बोळा घेतला, राख धुतली, काचकागद फिरवला. कोनाड्यातलं लेकीचं पोस्टकार्ड आणून फटीत सरकवून बघितलं. टोपी बसवली.

"दाबा आता."

गाडी गर्जली. आणि त्या आवाजात तुळजाबाईंचा गुन्हा साऱ्या गावापुढं शाबीत झाला.

मारुतरावांनी गाडी बंद केली. "का?"

"तुमी घरी बसावं म्हणून."

गडी आभाळाकडं बघू लागले. मारुतरावांचा चेहरा गाडीच्याच रंगाचा झाला. हौसरावांनी घसा खाकरला. "मेहमूदभाई, सोमवारी शिरूरला या. ज्याचं काम गाडीच्या मालकिणीनंच मोडलं, त्येला मी काय नावं ठेवू?"

मेहमूद पिशवी आवरून स्टेशनच्या वाटेला लागला. तुळजाबाई वाटेवरच्या बाभळीपर्यंत मागं गेल्या.

"मेहमूदभाऊ, शिव्या द्या. मगाशी माझी चूक स्वतःवर घेतलीत, त्ये लई लागलं."

तो वळला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "दौंडात तोंड दाखवायची सोय ठिवली नव्हती तुम्ही, अक्का! पोटावर पाय दिला माझ्या! रागावलोय मी. लई दिवस रागावणार हाय."

"रागवा," तुळजाबाई म्हणाल्या. "मी काय म्हणणार न्हाई."

तो गेला. तुळजाबाई घराकडं वळल्या. चालू होणारी गाडी अंगणात सोडून मारुतराव ओट्यावर बसले होते, आणि त्यांच्यासमोर जाऊन बसायची तुळजाबाईंना लाज वाटत होती.