भिंतीवरचे एकशे अठरा

जेवणाच्या टेबलासमोर लोकांच्या घरी घड्याळ असतं. या घरात तिथं एक जुना टॅब्लेट टांगलेला होता आणि त्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत एक आकडा, शेजारी एक बाण. आकडा म्हणजे भिंगरीच्या रक्तातली साखर. बाण म्हणजे ती चढतेय की उतरतेय. पाच वर्षांच्या भिंगरीच्या दंडावर नाण्याएवढा पांढरा सेन्सर चिकटवलेला असे. ती त्याला बटण म्हणायची, म्हणून सगळेच बटण म्हणायचे. बटण दर पाच मिनिटांनी आकडा पाठवायचं आणि भिंत तो दाखवायची. घरात येणारा आधी भिंतीकडे बघे, मग माणसांकडे. भिंगरीच्या आईला तर झोपेतसुद्धा मान तिकडे वळवायची सवय लागली होती.

त्या रविवारी आईचा दादा, म्हणजे भिंगरीचा मामा, जेवायला आला होता. भिंतीवर एकशे अठरा होते, बाण आडवा. म्हणजे सगळं छान.

"काय जावईबापू," दादानं खुर्ची ओढता ओढता सुरुवात केली, "आमची भाची अजून त्या फुकट्या अ‍ॅपवरच का?"

"फुकट नाही दादा, मुक्त," नवरा म्हणाला. "आतली प्रत्येक ओळ उघडी आहे. कुणीही वाचावी, कुणीही दुरुस्त करावी."

"असेल बाबा. आम्ही अडाणी माणसं. ज्याला पैसे पडत नाहीत त्याला फुकटच म्हणतो."

ती भात वाढता वाढता नुसती हसली. दादा बटण बनवणाऱ्या कंपनीत विक्री बघायचा. नवरा प्रोग्रामर; अशाच आजारी मुलांच्या आईबापांनी जगभरातून मिळून लिहिलेलं ते अ‍ॅप त्यानं घरात आणलं होतं आणि आता स्वतःही त्यात हात घालत होता. दोघंही भिंगरीवर जीव टाकायचे. भांडण तिथूनच सुरू व्हायचं आणि कुठच्या कुठे जायचं.

"मागच्या महिन्यात तुमच्या साहेबांनी एक अपडेट सोडला आणि हिचा धडधाकट फोन बाद," नवरा म्हणाला. "का, तर म्हणे जुना झाला. माझ्या पोरीच्या रक्तातला आकडा मला बघायचा, आणि परवानगी यांची!"

"अरे, तपासण्या असतात, नियम असतात. उद्या काही वेडंवाकडं झालं तर आमच्या दारात येऊन भांडता तरी येईल. तू कुणाच्या दारात जाणार? तुझं ते अ‍ॅप लिहिलंय कुणी, तर 'झोपाळू घुबड' नावाच्या माणसानं!"

"त्या घुबडाची दोन्ही मुलं याच आजाराची आहेत. तुमच्या साहेबांच्या घरी आहे का कुणी?"

"बाबा, घुबड कुठेय?" भिंगरीनं विचारलं.

"जेव गं तू."

तिला हे सगळं पाठ होतं. नवऱ्याचा एक गट होता नेटवर, आणि कंपनीचं अ‍ॅप वापरणाऱ्या आईबापांचा दुसरा. ती दोन्हीकडे होती, दोन्हीकडे गप्प. एका गटात कंपनीवाल्यांना गुलाम म्हणायचे. दुसऱ्यात मुक्तवाल्यांना म्हणायचे, पोटच्या पोरांवर प्रयोग करणारे. ते चालायचंच. तिला भीती वाटायची ती वेगळ्याच गोष्टीची. कुठल्या तरी मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं की पहिला प्रश्न यायचा, कोणतं अ‍ॅप होतं? आणि उत्तर समोरच्या गटाचं निघालं की खाली लगेच मतांची रांग लागायची. बघा, आम्ही सांगत होतो. मूल कसं आहे हे विचारणारा एखादाच. संख्याशास्त्र शिकलेली ती, आकड्यांवर विश्वास असणारी, पण ते वाचता वाचता ती गट मध्येच बंद करायची. कुठल्या तरी आईचं पोर तिथं नुसता मुद्दा होऊन पडलेलं असायचं.

आणि म्हणूनच त्या सकाळी तिनं ते केलं होतं.

दादा सकाळीच आला होता आणि नवरा आंघोळीला गेला होता. दादानं स्वयंपाकघरात येऊन पिशवीतून एक फोन काढला. "कंपनीचं अ‍ॅप टाकून आणलंय. असू दे तुझ्यापाशी."

"दोन्ही चालतील ना रे?"

"चालेल गं. तू फार घाबरतेस. आवाज तेवढा बंद ठेव, नाहीतर जावईबापू मला घराबाहेर काढतील."

एकापेक्षा दोन बरे, एवढाच तिचा हिशेब होता. नवऱ्याला न दुखवता मनाला आधार. भिंगरीची वेणी घालता घालता तिनं तो फोन दंडाजवळ धरला, दोन-चार प्रश्नांना होय होय केलं, आणि फोन चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये, धुतलेल्या नॅपकिनांखाली सरकवून दिला.

जेवणाआधी नवऱ्यानं भिंगरीच्या पानातला भात मोजून इन्सुलिन टोचलं. पण मामा आलेला, पोरीचं लक्ष ताटात कुठलं? निम्मा भात तसाच राहिला. ते तिनं पाहिलं. इन्सुलिन पूर्ण आणि जेवण अर्धं म्हणजे साखर घसरणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती घास भरवायला उठणार तेवढ्यात तिनं भिंतीकडे पाहिलं. एकशे अठरा. बाण आडवा. मग बसली. थोड्या वेळानं देऊ काही तरी, असं म्हणून ताटं उचलली.

भिंगरी सोफ्यावर जाऊन चित्रं काढत बसली. टेबलावर दोघांचं रंगात आलं होतं.

"तुम्ही लोक सगळ्या जगाला चोर समजता."

"आणि तुम्ही सगळ्या जगाला गिऱ्हाईक!"

तिनं ताटं विसळली. फ्रिज मधूनच गुरगुरत होता, थांबत होता, पुन्हा गुरगुरत होता. बिघडला की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. नवरा कागदावर चौकोन काढून दादाला काहीतरी पटवून देत होता. दादा त्याच्याच पेनानं त्या चौकोनांवर काट मारत होता. ती हात पुसत बाहेर आली आणि सवयीनं भिंतीकडे पाहिलं.

एकशे अठरा.

सोफ्यावर भिंगरी शहाण्यासारखी बसली होती. खडू हातात, कागदावर एक अर्धवट गोल.

"किती गुणी झालीय बघ माझी भाची," दादा म्हणाला. "नाहीतर हिचं नाव भिंगरी कुणी ठेवलं म्हणतो मी."

काहीतरी चुकत होतं. काय ते तिला लगेच सापडेना. कुठल्या तरी खोलीत गॅस सुरू राहिल्यासारखं वाटत होतं, वास नाही, पण जीव घाबरा. मग तिला कळलं. स्वयंपाक चालला होता तेव्हा एकशे अठरा. जेवायला बसले तेव्हा एकशे अठरा. जेवून झालं, भांडून झालं, ताटं विसळून झाली, तरी एकशे अठराच. जिवंत माणसाची साखर अशी चालत नाही. ती एक पाऊल वर टाकते, दोन खाली. जेवल्यावर तर हलतेच हलते. इतका शांत आकडा फक्त एकाच गोष्टीचा असतो. जी कुणी मोजतच नाही तिचा.

आणि फ्रिज असा गुरगुरत नाही.

ती धावली. ड्रॉवर ओढला तेव्हा चमचे थरथरत होते. नॅपकिन बाजूला केला. फोनचा पडदा लालभडक. एकोणपन्नास. दोन बाण सरळ खाली.

 फोन तिथंच टाकून तिनं फळांच्या रसाचा डबा घेतला आणि सोफ्यापाशी गुडघ्यांवर बसली. भिंगरीची मान ओली होती, केस कपाळाला चिकटलेले, ओठ पांढरट. डोळे उघडे होते, पण आईकडे बघत नव्हते, आईच्या मागे कुठेतरी बघत होते.

"बाळा, पी. हे पी. गिळ. भिंगरे, गिळ ना गं!"

पहिला घोट हनुवटीवरून खाली आला. दुसरा आत गेला.

"काय झालं?" नवरा उठला. त्यानं भिंतीकडे पाहिलं. "अगं, एकशे अठरा आहे!"

"बोट टोच तिचं! भिंत सोड आणि बोट टोच!"

जुनं बोट टोचायचं यंत्र कुठे ठेवलंय तेच त्याला आठवेना. तिला आठवत होतं. औषधांच्या कप्प्यात, मागे. दादानं ते आणलं, पण पट्टी काही त्याच्या हातून लागेना. शेकड्यांनी विकली असतील त्यानं असली यंत्रं. शेवटी तिनंच एका हातानं डबा धरून दुसऱ्या हातानं थेंब काढला. सत्तेचाळीस.

रस संपला. वर ग्लुकोजची पावडर बोटानं गालाच्या आत लावली. मग वाट बघणं. त्या वेळात खोलीत फक्त भिंगरीचा श्वास होता आणि त्या तिघांचा नव्हताच. हळूहळू पोरीची नजर मागून पुढे आली, आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

"आई, माझ्या फ्रॉकला चिकट झालं."

मग ती रडली. आई नाही, भिंगरी. आईला रडायला फुरसत नव्हती, तिनं पुन्हा बोट टोचलं. एकाहत्तर.

दोघा पुरुषांना आता वाचा फुटली.

"बटणच नासकं निघालं," नवरा म्हणाला.  "कंपनीचा माल! हे आज मी गटावर लिहिणारच. फोटोसकट."

"बटण ठणठणीत आहे. तुझं ते अ‍ॅप शिळा आकडा ताजा म्हणून दाखवत बसलंय! संपर्क तुटल्यावर साधी सूचना देऊ नये?"

"देतं. दर आंघोळीला बोंबलायचं म्हणून मीच ती सूचना काढून..." नवरा मध्येच थांबला.

"ऐका! हा बसून खेळ करतो पोरीशी. मीही वर कळवतो. परवानगी नसलेलं अ‍ॅप, मूल बेशुद्ध पडायच्या बेतात."

नवऱ्यानं खिशातून फोन काढला. दादानंही काढला. तिला पुढचं सगळं दिसलं. आज संध्याकाळी दोन्ही गटांत भिंगरी असणार. ओळखीचं ना पाळखीचं कुणीतरी विचारणार, कोणतं अ‍ॅप होतं? आणि निम्मे लोक खूश होणार.

"फोन ठेवा," ती म्हणाली.

"अगं पण लोकांना कळायला..."

"खाली ठेवा म्हणते ना! माझ्या पोरीचं उदाहरण करायचं नाही. तू नाही, आणि दादा, तूही नाही."

ती भिंगरीला कडेवर घेऊनच स्वयंपाकघरात गेली आणि तो फोन आणून टेबलावर ठेवला. नवरा फोनकडे बघत राहिला. दादा जमिनीकडे.

"सकाळी मी जोडला," ती म्हणाली. "तुला न सांगता. मला वाटलं, दोन असले की बरं. दादा, हे जोडलं की भिंत बंद पडेल, तुला माहीत होतं?"

दादानं तो फोन जरा बाजूला सरकवला. "ते एका वेळी एकाशीच बोलतं गं. माहितीपत्रकात आहे, बारीक अक्षरात. मला वाटलं... त्याचं बंद पडेल, आपलं सुरू राहील. आपलं चांगलं आहे ना. त्यात बिघडतंय कुठे?"

"आपलं म्हणजे कुणाचं?" तिनं विचारलं.

  नवरा भिंतीपाशी गेला. आकड्याखाली, टेबलावरून कधीच वाचता येणार नाही इतक्या लहान अक्षरांत, शेवटचा आकडा कधी आला ती वेळ होती. सकाळची. वेणी घातली तेव्हाची. ती त्यानं नाक लावून वाचली आणि टॅब्लेट खिळ्यावरून काढून पालथा ठेवला.

"आता बटण कशाला जोडायचं?" त्यानं विचारलं. भांडायला नाही, खरंच विचारत होता.

"आज ते सोड. असू दे ड्रॉवरमधल्या फोनलाच जोडलेलं, पण त्याच्या भरवशावर नाही. आज बोट टोचायचं आणि तिच्याकडे बघायचं." ती थांबली. "मीही भिंतीकडेच बघत होते. अर्धा भात टाकलेला दिसला होता मला."

दादा निघताना भाचीच्या पायाला हात लावून गेला. टेबलावरच्या फोनचा आवाज नवऱ्यानं पूर्ण वाढवून ठेवला. कंपनीच्या फोनचा, स्वतःच्या हातानं. मग तो सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, मांडीवर यंत्र घेऊन बसला.

भिंगरी थकून आईच्या कुशीत पडली. डोळे मिटले. आईनं तिच्या कपाळाला हात लावला. कोरडं. मानेला लावला. कोरडी. पण डोळे मिटलेले होते, आणि मघाशीही ती अशीच गप्प होती. ओठ पांढरे आहेत का? की उजेडच तसा पडलाय? तिनं खांदा हलवला. एकदा. पुन्हा जरा जोरात. नवरा उठून उभा राहिला, हातात सुई.

"भिंगरे? ए भिंगरे?"

पोरीनं एक डोळा उघडला, वैतागून.

"आई, मी नुसती झोपलेय गं."