सुनेच्या कागदावरची जादा ओळ

माझी सून बोट चालवायच्या परवान्याला दोनदा नापास झाली, दोन्ही वेळा पाचच अंशांनी. मी स्वतः तिसरीपर्यंत शिकलेली, पण नवरा गेल्यावर सतरा वर्षं प्रवासी बोट चालवली ती नुसत्या नजरेवर. आता म्हणे नजरेला परवाना मिळत नाही. सून आणखी एकदा नापास झाली की बोट कायमची धक्क्याला बांधायची.

म्हणून तिसऱ्या परीक्षेलाही मी बोटीवर तिला चिकटून उभी राहिले. धीर द्यायला घरचं माणूस नको?

"दीपगृहाची खरी दिशा काढा," परीक्षक म्हणाले.

सुनेनं होकायंत्रावरून नेम धरला. ब्याण्णव अंश. सुई दाखवते ती उत्तर दिशा नकाशावरची नव्हे, एवढं तिच्या घोकंपट्टीतून माझ्याही कानावर पडलंय. बोटीचं लोखंड सुईला ओढतं, त्याचे चार वजा. या भागात सुई मुळातच थोडी कलते, त्याचे दोन मिळवले. झाले नव्वद. परीक्षकांच्या कागदावर पंच्याऐंशी. आकडे येतात मला वाचता. पुन्हा पाच! मी कपाळाला हात लावला.

तोच तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली आणि पाच वजा केले.

"हे कसले?" परीक्षकांनी विचारलं.

सून माझ्याकडे बघेना. "सासूबाईंचे."

"म्हणजे?"

"त्यांच्या कमरेला लोखंडी किल्ल्यांचा जुडगा असतो. त्या शेजारी आल्या की सुई तिकडे वळते. घरी मोजून पाहिलं मी. बरोब्बर पाच."

"अहो, मग त्यांना बाजूला व्हा म्हणायचं!"

"तुम्ही म्हणून बघा."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. शेवटी मीच जुडगा सोडला आणि धक्क्यावर उभ्या लेकाकडे भिरकावला. सुई सरकली. सत्त्याऐंशी! वजा चार, अधिक दोन. परवान्यावर शिक्का बसला.

उतरताना मी तिला झापलं, "तोंड दिलंय ना देवानं? सरळ सांगता येत नव्हतं?"

"आई, त्यापेक्षा गणित सोपं वाटलं."

वर लेक फिदीफिदी हसतोय. हसू दे. अख्ख्या बोटीचं लोखंड मिळून चार अंश आणि मी एकटी पाच, हे सुनेनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. तो कागद मी परीक्षकांकडून मागून घेतलाय.