सेनापतीचा वस्तरा

दादाने बाबांचा थोरला वस्तरा भंगारात घातला आणि वर मलाच अट घातली.

"आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे," तो म्हणाला. "खिडकीजवळची खुर्ची ज्याच्या हातात थोरला वस्तरा, त्याची. आजोबांनी बाबांना वस्तरा दिला तेव्हाच खुर्ची दिली. तू वस्तरा आण, खुर्ची घे. मी कधी नाही म्हटलंय?"

म्हणायला काय जातं! दुकानात नवे आरसे लावताना यानेच मोडक्या कात्र्या, फुटके वाडगे आणि त्यातच तो वस्तरा एका पोत्यात कोंबला आणि भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. आता याला रीत आठवली. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून त्यांची गिऱ्हाईकं मी उरकत होते तेव्हा याची रीत झोपली होती. आणि गिऱ्हाईकं काय, फेस लागला की डोळे मिटून घेतात. मिटलेल्या डोळ्यांना बाई न् बाप्या सारखाच.

भंगारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, असला माल जुन्या वस्तूंच्या दुकानांत जातो, हौशी लोक घेतात. मग मी ती दुकानं पालथी घालायला लागले. बंद पडलेली घड्याळं, कर्णे, पितळी दिवे, आणि कुठेतरी कोपऱ्यात ट्रेभर वस्तरे. शिंगाच्या मुठी, नकली हस्तिदंताच्या मुठी, दात पडलेली पाती. प्रत्येक दुकानदाराचा एकच प्रश्न.

"मिस्टरांना भेट द्यायचाय का?"

"नाही. मला दाढी करायचीय."

त्यांचे चेहरे बघायला तरी मी रोज गेले असते.

आणि एका दुकानात तो सापडला. ट्रेमध्ये नव्हता, काचेच्या कपाटात होता, लाल मखमलीवर. बाजूला चिठ्ठी: सेनापतीचा वस्तरा. मुठीची पिन बघितली आणि ओळखला, बाबांचाच. मूळ पिन तुटली तेव्हा बाबांनी आईची मोडकी छत्री घेऊन तिची काडी कापून तिथे ठोकली होती. त्यावरून आईने आठवडाभर तोंड फुगवलं होतं.

"काका, कपाट उघडा."

दुकानदाराने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हात लावायचा नाही हं. ऐतिहासिक आहे."

"तुमच्या सेनापतीने छत्री मोडून पिन बसवली होती का?"

"लढाईत काय काय करावं लागतं, ताई," तो डोळा मिचकावून म्हणाला. माणूस लबाड होता, पण निदान लाजत नव्हता. त्याने कपाट उघडलं.

मी वस्तरा हातात घेतला. पातं आरशासारखं. माझं नाक दिसत होतं त्यात. आमच्यात धार बघायची तर अंगठ्याच्या नखाने तिला अगदी हलकं छेडतात, जिवंत धार बारीक आवाजात बोलते. मी छेडलं. काहीच नाही. पुन्हा छेडलं. पत्र्याच्या डब्याने जास्त उत्तर दिलं असतं. उजेडात धरला तर धारेलगत निळी झाक.

"याला मशीनवर चमकवलंत?"

"मग! काळाकुट्ट होता. आता कसा दिसतोय बघा."

"पोलाद तापून मेलं याचं."

"मरू दे की. याने दाढी कोण करतंय? शोभेला ठेवायचा."

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याच्या धंद्यात दिसायला हवं, माझ्या धंद्यात चालायला हवं. मेलेली कड घासून काढावी तर बाबांनी आयुष्यभर घासून पातं आधीच करंगळीपेक्षा अरुंद केलेलं. मागे सरकायला पोलाद उरलंच नव्हतं.

तरी तो हातातून सुटेना. हा दादासमोर आपटला की खुर्ची माझी. त्याच्याच तोंडच्या शब्दाने माझी. आणि मग? पहिल्या गिऱ्हाइकाच्या गालावर काय फिरवू, सेनापतीची इभ्रत?

मी तो मखमलीवर ठेवला. माझ्या हाताने ठेवला. नंतर टेबलाखालचा ट्रे ओढला आणि एकेक वस्तरा नखाने छेडत गेले. मुका, मुका, मुका. मग एक बोलला. काळा, पाठीवर गंज, मूठ चिरलेली.

"हा?" दुकानदार हसला. "हा तर कुणाचाच नाही."

"मग माझा."

दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर त्याला माणसात आणला आणि सकाळी दुकानात गेले. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. बाकावर बाबांचं जुनं गिऱ्हाईक, पोस्टमन, वर्तमानपत्र वाचत होता.

"बाबांचा मिळाला नाही ना?" दादा माझ्या हाताकडे बघून म्हणाला.

"मिळाला. तिथेच ठेवून आले."

"डोकं फिरलंय का तुझं? मग खुर्ची विसर. मी उठत नाही."

"नको उठू." मी त्याच्या गळ्याभोवती कापड टाकलं, मागे गाठ मारली आणि ब्रश फेसात बुडवला.

"ए! काय चाललंय?"

"भितोस?"

पोस्टमनने वर्तमानपत्र खाली केलं. आता दादाला भिता येईना. "कर," तो गुरगुरला. "एक जरी ओरखडा उठला ना, तर या दुकानात पाय ठेवायचा नाही."

"बरं. आता तोंड बंद. हनुवटी वर."

मी पातं त्याच्या कानाखाली टेकवलं. बारीक करकर सुरू झाली, तीच, जी ऐकत मी लहानाची मोठी झाले. गाल, हनुवटी, मग गळा. गळ्यापाशी त्याने डोळे मिटले. लहानपणापासून मला गप्प बसवणारा माझा भाऊ पहिल्यांदाच माझ्यासमोर गप्प बसला होता.

मी कापड झटकलं. दादा आरशात वाकला. गालावर हात फिरवला, उलटा फिरवला, गळा चाचपला, हनुवटीखाली बोट घालून शोधत राहिला. कुठे काही सापडेना.

"ऊठ," मी म्हणाले. "पुढचं गिऱ्हाईक थांबलंय."