दाताची खूण

आईची दृष्टी गेली, मागोमाग माणसांची नावंही एकेक करून गेली; शाबूत राहिली ती फक्त बोटं. थोरली लेक खाटेशी वाकली, की ती बोटं तिच्या गळ्यातली माळ चाचपत. आईनंच दिलेली बाल्टिक अंबराची जुनी माळ. दिसायला दगडी, वजनानं हलकी, अंगाच्या उबेनं चटकन ऊब धरणारी. मधल्या मण्यावर थोरलीच्या दुधाच्या दातांचा खळगा होता. बोट तिथं पोचलं, की आई म्हणे, "आली का गं माझी उंदरी!" त्या एका हाकेवर थोरलीचा दिवस निभावून जाई.

रुग्णालयाचा दंडक असा, की आत शिरताना हात, घड्याळ, दागिने, सारं स्पिरिटनं पुसायचं. आईला काही बाधू नये म्हणून थोरली माळ अंमळ जास्तच चोळून पुसे. हळूहळू मणी धुरकटले, चिकट झाले. आई हात काढून घेऊ लागली.

मणी ओवणाऱ्या काकांनी माळ भिंगाखाली धरली.

"अगं, ही झाडाची राळ, कोट्यवधी वर्षांपूर्वीची. हिला स्पिरिट म्हणजे विष. कोमट पाणी, मऊ फडकं, बास. आणि हा मणी कुणी चावलाय?"

"मीच. दात येत होते."

"गिळला नाहीस हे नशीब! वरचा थर घासून देतो, लखलखेल."

"आणि खळगा?"

"तोही जाईल."

"तेवढा मणी सोडा, काका."

"सोडतो. पण तो आतून तडकलाय. उद्या फुटला तर मला बोल लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं माळ साध्या पाण्यानं पुसली आणि ती वाकली. आईची बोटं गुळगुळीत मण्यांवरून सावकाश सरकत मधल्या मण्याशी आली, थबकली. नखाचा जरासा दाब पडला आणि खळग्याचा काठ पिवळ्या भुकटीसारखा झडला. आईनं बोट नाकाशी नेलं. कुठल्याशा बुडालेल्या अरण्याचा मंद वास तिथं आला असावा. चेहरा मात्र कोराच राहिला.

"छान आहे हो माळ तुमची," आई अदबीनं म्हणाली. "माझ्या मुलीकडेही आहे अशीच. कधी यायचीय ती?"

थोरलीनं तिच्या बोटावरची भुकटी पदरानं टिपली.

"येईलच आता," ती म्हणाली.